टॅग कुणाच्या गळ्यात?

खंडेनवमीच्या दिवशी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून फिरण्यात एक वेगळाच आनंद असतो. एरवी तेलाच्या आणि शीतकाच्या वासाने कोंदलेल्या शेडमध्ये त्या दिवशी झेंडूचा आणि धुपाचा दरवळ असतो. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग अशी सारी यंत्रे धुऊनपुसून, हळदकुंकू लेवून उभी असतात आणि वर्षभर ज्यांच्यावर हुकूम चालतो तो कामगारवर्ग त्या दिवशी यजमानाच्या रुबाबात वावरत असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका पूजेला गिअर बनविणाऱ्या एका मध्यम कारखान्यात जाण्याचा योग आला. प्रसाद झाल्यावर मालकांनी मोठ्या कौतुकाने आपल्या केबिनमध्ये नेले आणि भिंतीवरचा पडदा दाखविला. पडद्यावर शेडचा नकाशा होता आणि त्यावर ठिपके सरकत होते. हिरवे ठिपके ट्रॉल्यांचे, निळे माणसांचे. एक निळा ठिपका कोपऱ्यात स्थिर होता. मालकांनी त्यावर बोट ठेवताच शेजारी मिनिटे उमटली. तो कोपरा स्वच्छतागृहाचा होता.

"आता एक मिनिटही वाया जात नाही," मालक म्हणाले. "लीन मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात ते हेच."

खाली आल्यावर हॉबिंग यंत्रावरच्या एका जुन्या ऑपरेटरशी बोलणे झाले. त्याच्या गळ्यात तो टॅग होता. तक्रारीचा सूर न लावता तो एवढेच म्हणाला, "साहेब, धार लावायला गेलेला हॉब कुठे पडलाय ते इथे तीन-तीन दिवस कुणाला सांगता येत नाही. मी कुठे आहे ते तर सगळ्यांना दिसतंच. तेवढा टॅग हॉबला लावायला सांगा ना."

प्रस्तुत लेखाचा विषय त्या एका वाक्यात सामावलेला आहे. बिनतारी माग काढण्याचे जे तंत्र आज आपल्या कारखान्यांतून 'लीन'च्या नावाने विकले जात आहे, त्यातील टॅग कशाला लावायचा आणि कुणाला लावायचा नाही, हा तो प्रश्न. हा प्रश्न तांत्रिक आहे असे भासवून तो विक्रेत्यांच्या व सल्लागारांच्या हाती सोपविला जात आहे, हे आपल्या उद्योगांच्या आणि त्यांत राबणाऱ्या कुटुंबांच्या हिताचे नाही.

आरंभीच एक खुलासा करतो, म्हणजे गैरसमज नको. प्रस्तुत लेखक यंत्रविरोधक नाही. ऐंशीच्या दशकात कार्यालयांत आणि बँकांत संगणक येऊ लागला तेव्हा कामगार संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यात आपले-परके असा भेद नव्हता. बेकारीची ती भीती अनाठायी होती असे म्हणणार नाही, परंतु केवळ 'नको' म्हणून तंत्रज्ञान थांबत नाही. ते आपल्या अटींविना येते, इतकाच फरक पडतो. हा धडा एकदा शिकून झाला आहे.

शिवाय हे तंत्र आपल्या घरात आधीच पोहोचलेले आहे. मोटारीच्या काचेवर जो फास्टॅग चिकटवलेला असतो, तो हाच. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर ज्या रेडिओलहरी सोडतो त्यांतूनच त्यातील चिप क्षणभरापुरती वीज घेते आणि आपला क्रमांक परत पाठविते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला, फास्टॅगही त्याच पट्ट्यात चालतो, आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा आहे. कारखान्यात हाच टॅग खोक्याला, ट्रॉलीला, जिगला लावला की ती वस्तू दारातून गेल्याची नोंद आपोआप होते. याहून महाग, बॅटरीवर चालणारी साधने वस्तूची जागा सतत सांगत राहतात. ब्लूटूथची काही मीटरच्या अदमासाने, तर अल्ट्रा-वाइडबँडची अवघ्या हातभराच्या. तंत्र उत्तम आहे. प्रश्न ते कोणत्या विचाराच्या सेवेला लावायचे याचा आहे.

आणि विचाराकडे वळले की 'लीन' या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. आपल्या भाषेत लीन म्हणजे नम्र, तल्लीन. इंग्रजीत तो शब्द चरबी नसलेल्या सडपातळ देहाचा आहे, आणि उत्पादनपद्धतीला तो चिकटविला अमेरिकेतल्यांनी. जॉन क्राफसिक यांच्या १९८८ मधील लेखातून तो रूढ झाला. ज्या जपानी कारखान्यांतून ही पद्धत उगम पावली, तेथे तिला हे नाव नव्हते. टोयोटाच्या चार अभियंत्यांनी १९७७ साली इंग्रजीत या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टींचा उल्लेख होता: माल वेळेवर, हवा तेवढाच, आणि माणसाचा आदर. बाहेरून आणताना आपल्या व्यवस्थापन-पंडितांनी पहिली गोष्ट जहाजात भरली आणि दुसरी बंदरावरच ठेवली.

ही काही भावनिक भाषा नव्हे. त्या पद्धतीच्या रचनेतच तो आदर यंत्रासारखा बसविलेला आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तुटल्या धाग्यानिशी चालत राहणारा माग म्हणजे वारच्या वार सदोष कापड, आणि ते टाळण्यासाठी मागाशेजारी डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा माणूस. माग स्वतः थांबू लागला तेव्हा माणूस त्या पहाऱ्यातून सुटला आणि एकाच वेळी अनेक मागांकडे पाहू लागला. यंत्राने माणसावर पहारा ठेवावा, ही कल्पना त्या मुळातच नव्हती. माणसाला यंत्राच्या पहाऱ्यातून मोकळे करावे, ही होती. पुढे मोटारींच्या जुळणीच्या ओळीवर हाच विचार दोरीच्या रूपाने आला. दोष दिसला की सामान्यातील सामान्य कामगाराने ती दोरी ओढावी. दोष तेवढ्यात निस्तरला नाही तर सारी ओळ थांबेल. कोट्यवधी रुपयांची ओळ थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हाती दिलेला आहे, त्याच्या गळ्यात मिनिटे मोजणारा टॅग अडकवणे हे त्या पद्धतीचे अनुकरण नव्हे, ती तिची विटंबना आहे.

ताइइची ओहनो यांची कानबान तर आणखी साधी. कानबान म्हणजे पाटी, चिठ्ठी. पुढच्या कामाला जेवढा माल लागला तेवढीच चिठ्ठी मागे जाते आणि मागच्याने तेवढाच बनवायचा. अमेरिकेतील सुपरमार्केटच्या फळ्यांवरून, म्हणजे गिऱ्हाईक जेवढे उचलते तेवढेच पुन्हा भरण्याच्या पद्धतीवरून, ओहनो यांना ही कल्पना सुचली. खरे तर चिन्हावरून माल हलविण्याचे शहाणपण मुंबईकराला परके नाही. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत डब्याच्या झाकणावरची रंगीत खूण हेच काम करते, आणि रिकामा डबा परत घरी येतो तोही त्याच खुणेवर. डबेवाल्यांच्या अचूकतेविषयी जी दशांशातली आकडेवारी व्याख्यानांतून फेकली जाते ती बाजूला ठेवली तरी ती व्यवस्था चालते, हे सत्य उरतेच. ती चालते कारण खूण डब्यावर असते आणि जबाबदारी माणसावर.

आता या टॅगचा खरा उपयोग कुठे आहे ते पाहू. त्यासाठी त्याच गिअरच्या कारखान्यात परत जाणे भाग आहे.

समजा, शेडमध्ये सर्व टप्प्यांवर मिळून सहा हजार गिअर पडलेले आहेत आणि रोज तीनशे बाहेर जातात. मग एक गिअर आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी वीस दिवस घेतो. हा साधा भागाकार आहे. जॉन लिट्ल यांनी १९६१ साली त्याची रीतसर सिद्धता दिली, पण खडूने फरशीवर मांडता येईल इतका तो सोपा आहे. त्या गिअरवर टर्निंग, हॉबिंग, ग्राइंडिंगचे हत्यार प्रत्यक्ष किती वेळ चालते? मिनिटांत मोजावा इतका. उष्णोपचाराचे तास त्यात मिळवले तरी वीस दिवसांतील बहुतांश काळ गिअर नुसता पडून असतो. कुठे पडून असतो? एका बॅचमध्ये किती घ्यायचे, ते ठरलेले असते म्हणून यंत्रापुढे. भट्टी भरण्याइतका माल साठत नाही म्हणून उष्णोपचारवाल्याकडे. हॉब धारेला गेला म्हणून कोपऱ्यात. मापनाचा गेज कॅलिब्रेशनहून परत आला नाही म्हणून तपासणीच्या टेबलावर. आणि कधी कधी चक्क हरवल्यामुळे. कारण उष्णोपचार झालेला व न झालेला गिअर वरवर पाहता सारखेच दिसतात, आणि एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या रांगेत गेली की गोंधळाला पारावार उरत नाही.

येथे टॅग अमूल्य आहे. ट्रॉलीला टॅग, हॉबच्या पेटीला टॅग, गेजला टॅग, उष्णोपचारवाल्याकडे जाणाऱ्या बास्केटला टॅग. दोन-तीन दारांवर रीडर. महिनाभरात वीस दिवसांचा हिशेब हातात येतो: कुठे किती दिवस गेले, कोणता माल कुणाच्या दारात रखडला, परत येणारी रिकामी खोकी कुठे गडप होतात. जी माहिती पूर्वी सुपरवायझरच्या डोक्यात आणि मळक्या जॉब कार्डावर अर्धीमुर्धी असे, ती निर्विवाद होते. हत्यारांच्या होल्डरमध्ये चिप बसवून यंत्रानेच हत्यार ओळखण्याची पद्धत तर कित्येक वर्षांपासून रूढ आहे. सदोष मालाची बॅच शोधून तेवढीच परत बोलावण्यासाठीही याहून चांगले साधन नाही. हे सारे करावे, अवश्य करावे, आणि आपल्या लघुउद्योजकांनी त्यात मागे राहू नये.

मात्र माहिती म्हणजे सुधारणा नव्हे, आणि नेमके येथेच विक्रेत्यांच्या व्याख्यानांत गफलत असते. हॉलमध्ये दिवे मंद करून पडद्यावर रंगीत आलेख दाखविले जातात आणि टॅग लावला की साठा कमी होतो, असे सांगितले जाते. टॅगने साठा कमी होत नाही. टॅग साठा दाखवितो. तो कमी करायचा तर बॅच लहान करावी लागते. बॅच लहान करायची तर एका कामावरून दुसऱ्या कामावर यंत्र लावण्याचा वेळ, म्हणजे सेटिंगचा वेळ, कमी करावा लागतो. शिगेओ शिंगो यांनी १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसच्या सेटिंगला लागणारे चार तास आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणले. कसे? प्रेस चालू असतानाच जे करता येते ते आधी करून ठेवले, जे जुळवावे लागत होते ते जुळवावेच लागणार नाही असे केले. त्यात एकही बिनतारी साधन नव्हते. होते ते प्रेसवर काम करणाऱ्यांचे डोके आणि त्याला मिळालेला मान. आपल्याकडे सेटर चार तास धडपडतो आणि मालक पडद्यावर पाहतो की यंत्र चार तास बंद आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही तऱ्हा.

तंत्राच्या मर्यादाही विक्रेता सांगत नाही. धातू रेडिओलहरी परावर्तित करतो, पाणीमिश्रित शीतक त्या शोषून घेते. गिअरच्या कारखान्यात या दोहोंखेरीज तिसरे असते काय? धातूवर चालणारा वेगळ्या बांधणीचा टॅग घ्यावा लागतो, आणि तो साध्या चिकटपट्टीच्या टॅगच्या अनेक पट महाग असतो. शेजारच्या रांगेतील ट्रॉली रीडरला 'दिसते' आणि जो माल हललाच नाही तो गेल्याची नोंद होते. कार्ब्युरायझिंगची भट्टी नऊशे अंशांच्या पुढे तापते, तिच्यात टॅग जात नाही; म्हणून टॅग खोक्यावर आणि खोके कोणत्या बॅचचे याची नोंद माणसाने करायची. ती नोंद चुकली की पडद्यावरचे सारे ठिपके आत्मविश्वासाने खोटे बोलतात. म्हणजे फिरून सगळे येते ते त्या माणसाच्या मनःपूर्वकतेवरच. त्याच्या गळ्यात पहाऱ्याचा टॅग अडकवून ती मनःपूर्वकता मिळेल, असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाट पाहावी.

(चिपचा मुद्दा येथे ओझरता सांगतो. टॅग आपल्याकडे बनू लागले असले तरी त्यांतील चिप मुख्यत्वे अमेरिकेच्या इम्पिंज किंवा नेदरलँड्सच्या एनएक्सपी या कंपन्यांकडून येते. देशात अर्धवाहक उद्योग उभारण्याचे जे प्रयत्न २०२१ पासून सुरू आहेत त्यांत मोबाइल आणि मोटारींच्या चिपचीच चर्चा अधिक होते. कोट्यवधींनी लागणारी ही बारीकशी चिपही कुणीतरी मनावर घ्यावी.)

माणसाला टॅग लावण्याची गोष्ट काल्पनिक राहिलेली नाही. नागपूर, चंडीगढ, पंचकुला अशा शहरांच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर उपग्रहाद्वारे माग काढणारी घड्याळे बांधली. हजेरीतील गैरप्रकार रोखण्याचे कारण दिले गेले. ते कारण अगदीच खोटे होते असे नाही. पण मुकादमाची लबाडी पकडायची तर घड्याळ मुकादमाच्या मनगटावर का नाही, हे कुणी विचारले नाही. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत ॲमेझॉनला मनगटपट्ट्याची पेटंटे मिळाली. कामगाराचा हात योग्य खणाकडे जातो की नाही हे तो पट्टा ओळखणार आणि कंप पावून सांगणार. तो प्रत्यक्ष वापरात आणला असे मी म्हणत नाही. पण विचार कोणत्या दिशेने धावतो आहे हे कळायला पेटंट पुरेसे आहे. आणि ही दिशा केवळ अमेरिकी आहे असे समजून निश्चिंत होण्याचेही कारण नाही. ज्या टोयोटाचे दाखले वर दिले त्याच नावाच्या कर्नाटकातील बिडदीच्या कारखान्यात २०२० च्या नोव्हेंबरात टाळेबंदी झाली आणि वाद महिनोन्महिने चालला. कामाचा वाढता भार ही त्यात कामगारांची एक प्रमुख तक्रार होती. व्यवस्थापनाची बाजू वेगळी होती. तरीही जेथे ही पद्धत शिकायला आपण जातो तेथेही तिचा दुसरा पाय लंगडू शकतो, एवढे त्यातून घ्यावे.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सामान्य नागरिकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरता येऊ नये हा या कायद्याचा गाभा. परंतु सातव्या कलमात संमतीविना वापराची जी कारणे दिली आहेत त्यांत 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' हेही एक आहे. म्हणजे किराणा दुकानदाराने तुमचा मोबाइल क्रमांक घ्यायचा तर तुम्हाला विचारावे लागणार, आणि मालकाने तुमच्या दिवसातील प्रत्येक पावलाची नोंद ठेवायची तर तो या कलमाकडे बोट दाखविणार. या शब्दांचा अर्थ न्यायालये किती संकुचित वा व्यापक लावतील ते पुढे दिसेल. तोपर्यंत स्वस्थ बसायचे का?

माणसाला टॅग कधीच नको, असाही हट्ट नाही. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सॅगो येथील कोळसाखाणीत स्फोट झाला आणि बारा खाणकामगार मरण पावले. ते आत नेमके कुठे आहेत हे वर कुणाला कळत नव्हते. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने भूमिगत खाणकामगारांशी बिनतारी संपर्क साधण्याची आणि त्यांची जागा कळण्याची व्यवस्था बंधनकारक केली. तो टॅग माणसाच्या प्राणांसाठी आहे. आपल्या खाणींत, रासायनिक कारखान्यांत, फोर्कलिफ्ट धावणाऱ्या गोदामांत असा टॅग हवाच. फोर्कलिफ्ट जवळ येताच कंप पावणारा टॅग कामगार स्वतः मागून घेईल. ओळख अगदी सोपी आहे. माहिती कुणाच्या कामी येते आणि काम संपल्यावर ती पुसली जाते की नाही, एवढे विचारावे. प्राणांसाठी घेतलेल्या नोंदीतून महिनाअखेरीस पगारकपात निघू लागली, तर तो टॅग सुरक्षेचा राहिलेला नाही.

'राष्ट्राचे औद्योगीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण, श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण' ही भारतीय मजदूर संघाची त्रिसूत्री वाचकांना पाठ आहे. १९५५ साली भोपाळमध्ये दत्तोपंत ठेंगडी यांनी त्या संघटनेची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा टॅग नव्हते. पण उद्योगांचे श्रमिकीकरण म्हणजे काय, याची इतकी नेमकी कसोटी क्वचितच समोर आली असेल. त्रैवार्षिक करारांच्या वाटाघाटींत आपले कार्यकर्ते महागाई भत्ता, कॅन्टीन आणि गणवेशावर तासन्तास बोलतात. टॅगचा साधा उल्लेखही मसुद्यात नसतो, कारण तो व्यवस्थापनाने 'आयटीचा विषय' म्हणून बाजूला ठेवलेला असतो. कोणते टॅग, कुणाला, नोंद किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, शिस्तभंगाच्या चौकशीत ती पुरावा म्हणून चालणार की नाही, हे करारात लिहून घेतले पाहिजे. पडद्यावरचा नकाशा शेडमध्येही लागला पाहिजे, केवळ केबिनमध्ये नव्हे. ज्या टेबलावर गिअर चार दिवस पडून राहतो ते टेबल कामगारालाही दिसू द्या. ते रिकामे कसे करावे हे त्याच्याइतके कुणाला कळते?

आता मालकांच्या बाजूने दोन शब्द, कारण भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदाराला खलनायक ठरवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. हा टॅगचा खर्च त्याने हौसेने केलेला नसतो. पुष्कळदा तो त्याच्या बड्या ग्राहकाने लादलेला असतो. अमेरिकेत हे आधीच घडून गेले आहे. वॉलमार्टने जून २००३ मध्ये आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना सांगितले की, जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर असे टॅग हवेत. खर्च पुरवठादाराचा, माहिती वॉलमार्टची. परिणाम काय झाला? बहुतेकांनी माल निघण्याच्या दारात टॅग चिकटवून सक्ती पाळली आणि आपल्या कारखान्यात काडीचाही बदल केला नाही. काही वर्षांत तो उत्साह ओसरला. पुढे हेच तंत्र एकेका कपड्याला टॅग लावून परत आले, तेव्हा दुकानातील साठा अचूक कळण्याचा लाभ स्वतः दुकानदाराला होत होता म्हणून ते टिकले. २०२२ मध्ये वॉलमार्टने ते इतर मालालाही लागू केले. लाभ आणि खर्च एकाच दारात असतील तरच हे तंत्र रुजते.

आपल्याकडच्या बड्या ग्राहकाला पुरवठादाराची ट्रॉली या क्षणी कुठे आहे ते हवे असते. त्याच पुरवठादाराचे बिल कुठे आहे हे विचारले, तर मात्र खरेदी विभाग लेखा विभागाकडे बोट दाखवितो आणि लेखा विभाग तपासणी विभागाकडे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात २०२३ साली केलेल्या बदलामुळे तर मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज खर्च म्हणून वजा करता येईनाशी झाली. कायदा कमी पडलेला नाही. पळवाट आहे ती तारखेत. मुदत मोजायची माल मिळाल्याच्या दिवसापासून. आणि माल मिळाला कधी? ग्राहकाच्या गेटातून आत गेलेला माल 'तपासणीत' म्हणून आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस ठेवायचा, आवक पावती मागाहून काढायची आणि दिवस तिथून मोजायचे, हा खेळ प्रत्येक पुरवठादाराला ठाऊक आहे. लेखी हरकत पंधरा दिवसांत घेतली नाही तर माल दिल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेले असूनही.

आणि येथेच हा टॅग कामाचा आहे! ग्राहकाच्या गेटवरच्या रीडरने ट्रॉलीची नोंद सेकंदासह केलेली असते. माल केव्हा आत गेला याचा याहून निर्विवाद पुरावा नाही. तो ग्राहकाच्या संगणकात असतो, टॅगचे पैसे भरणाऱ्या पुरवठादाराला तो दिसत नाही. टॅग सक्तीचा करणाऱ्या प्रत्येक खरेदी करारात ही गेटवरची नोंद पुरवठादाराला त्याच क्षणी मिळेल आणि बिलाचे दिवस तिथूनच मोजले जातील, असे कलम घालावे, अशी मागणी लघुउद्योगांच्या संघटनांनी एकमुखाने का करू नये? ट्रॉली मिनिटामिनिटाला शोधणारी दृष्टी बिलाच्या बाबतीतच अधू का व्हावी?

त्या गिअरच्या कारखान्यात गेल्या महिन्यात पुन्हा जाणे झाले. हॉबच्या पेट्यांना टॅग लागले आहेत. धारेला गेलेला हॉब कुणाच्या दुकानात पडला आहे ते आता कळते, आणि जुना ऑपरेटर त्यावर खूश आहे. उष्णोपचारवाल्याशी बसून बास्केट लहान करण्याचे ठरले आहे. निळे ठिपके मात्र अजून पडद्यावर आहेत. ते काढण्याविषयी मालक "बघू" म्हणतात. गेटच्या नोंदीसाठी त्यांनी आपल्या बड्या ग्राहकाला दोन पत्रे पाठविली. पहिल्याचे उत्तर आले, त्यात टॅगची पुढील खेप कोणत्या दराने घ्यावी ते कळविले होते. दुसऱ्याचे अजून आलेले नाही.